पहिल्या चावीचं जोडपं

"मॅडम, दादा गेला."

मी मंडपाच्या मधोमध उभी राहून वर पडदे बांधणाऱ्यांवर ओरडत होते. पांढरा आणि हिरवा सांगितला होता, त्यांनी पिवळा आणला होता. मागून आवाज आला म्हणून वळले, तर एक उंच, सुकलेला माणूस हातात टोपी घेऊन उभा. आधी मला वाटलं, कोणी तरी गावाला गेलं.

"कुठे गेला?"

"गेला म्हणजे वारला ओ. काल सकाळी. मागावर उभा होता, तिथंच पडला."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग त्याच्या डोक्यावरून पलीकडे. पलीकडे वीस फुटी फलक होता. त्यावर हाच चेहरा हसत होता. शेजारी त्याची बायको, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'भाड्याचं गेलं, हक्काचं आलं.'

"मी धाकटा भाऊ, लक्ष्मीपती," तो म्हणाला. "वहिनी म्हणाली, मॅडमना लगेच सांगून ये. त्यांचा कार्यक्रम हाय, दुसरं कोणी तरी बघायला लागंल त्यांना."

त्या बाईच्या घरी सुतक होतं, आणि तिला माझ्या कार्यक्रमाची काळजी पडली होती. हे मला आज जाणवतं. त्या मंगळवारी मी मनातल्या मनात फक्त दिवस मोजले. बुध, गुरू, शुक्र. शनिवारी सकाळी अकरा वाजता उद्घाटन.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एकोणतीस वर्षांची होते आणि एका बांधकाम कंपनीत कार्यक्रम-प्रसिद्धीचं काम बघत होते. कंपनीनं सोलापूरच्या कडेला सरकारी योजनेतून सहाशे चाळीस घरं बांधली होती, प्रत्येक घर एक खोली, स्वयंपाकघर आणि संडास-न्हाणी एवढं. विडी वळणाऱ्या बायका, टॉवेलच्या कारखान्यांतले कामगार, हमाल यांना ती सोडतीनं लागली होती. राज्यातला एक मंत्री चाव्या द्यायला येणार होता, आणि तो सगळा समारंभ माझ्या एकटीच्या डोक्यावर होता. हेलिपॅडच्या चुन्यापासून ते पाहुण्यांच्या गुलकंदी पानापर्यंत.

मल्लेशम आणि राजमणी वडनाल हे जोडपं मीच निवडलं होतं. सोडतीत घर लागलेल्यांपैकी साठ-सत्तर कुटुंबांना भेटले. कोणी फार बोलायचं, कोणी कॅमेरा बघून रडायचं. हे दोघं मात्र हवे तसे होते. तो टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं मागावर, ती विड्या वळणारी, एक मुलगी नववीत. घरात तेलुगू बोलायचे, पण मराठी स्वच्छ. त्यांच्यावर मी चार मिनिटांची फिल्म केली. मंत्र्यांनी ती पाहिली आणि त्यांच्या स्वीय सहायकाचा फोन आला, "साहेबांना पहिली चावी या विणकर जोडप्यालाच द्यायची आहे. भाषणात नाव घातलंय."

त्यानंतर त्याच सहायकाचे आणखी दोन फोन आले होते. जोडपं नक्की आहे ना?

लक्ष्मीपतीला खुर्ची देऊन मी पानसे सरांकडे गेले. पानसे सर प्रकल्पाचे प्रमुख. ते पहिल्या मजल्यावरच्या सजवलेल्या घरात गुडघ्यावर बसून फरशीचे सांधे बघत होते.

"सर, वडनाल वारला. ते पहिल्या चावीवालं जोडपं."

"अरेरे." त्यांनी एका सांध्यावरून नख फिरवलं. "दुसरं घे कोणी तरी."

"मंत्र्यांच्या भाषणात नाव आहे. फिल्म आहे. शहरात चौदा फलक लागलेत."

"मग?"

"त्याचा भाऊ खाली बसलाय. अगदी तसाच दिसतो. टोपी घातली की ओळखू यायचं नाही."

ही कल्पना माझी होती. पुढे कधी कधी मी ती पानसे सरांच्या नावावर लोटायचा प्रयत्न केला, स्वतःशीच. पण ते फक्त फरशी बघत होते.

"बाई तयार होईल?" त्यांनी विचारलं.

"होईल."

"मला तू काही सांगितलेलं नाहीस," ते म्हणाले आणि शेजारच्या फरशीकडे सरकले.

संध्याकाळी मी आमच्या नोंदणी विभागातून वडनालांची फाइल मागवली. खटावकर म्हणून तिथले जुने गृहस्थ होते. त्यांच्यासमोर बसून मी ती वाचली, एकदोन गोष्टी विचारल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीत गेले.

दहा बाय बाराची भाड्याची खोली. कोपऱ्यात जमिनीवर पणती लावलेली. विड्यांचं सूप उभं करून भिंतीला टेकवलेलं. राजमणीबाई पणतीच्या शेजारी बसल्या होत्या, अंगावर कालपरवाचीच साडी. श्रावणी, मुलगी, दारात पायांची जुडी करून बसली होती. मला बघून ती उठली आणि आत जाऊन पाणी घेऊन आली.

मी पाणी प्यायले. वाईट झालं म्हणाले. मग शेजारच्या दोन बायकांना जरा बाहेर थांबायला सांगितलं आणि लक्ष्मीपतीला आत बोलावलं.

"राजमणीबाई, एक अडचण आहे," मी म्हणाले. "घर मल्लेशमच्या नावावर लागलंय. अजून ताबा दिलेला नाही. ताब्याच्या आधी अर्जदार गेला की ते घर रद्द होतं, सोडतीत परत जातं."

लक्ष्मीपती म्हणाला, "असं कसं? बायको हाय, पोरगी हाय."

"नियम आहे. पण कागदावर अजून ही बातमी आलेली नाही. शनिवारी चावी घेतली की ताबा झाला. मग पुढे काही होत नाही."

"चावी कोण घेणार?" राजमणीबाईंनी विचारलं.

मी लक्ष्मीपतीकडे बघितलं. त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो भिंतीला सरकला.

"नाय नाय. वहिनी हाय ती माझी."

"दहा मिनिटांचं काम आहे. कोणी काही विचारणार नाही. टोपी घालायची, शेजारी उभं राहायचं."

"वस्तीत सगळ्यांना म्हाईत हाय ओ."

"वस्तीतल्या किती जणांना घरं लागलीत?"

"अकरा."

"ते अकरा जण आपली चावी हातात पडेपर्यंत तोंड उघडतील?"

राजमणीबाई पणतीकडे बघत म्हणाल्या, "सुतक हाय मॅडम आम्हाला. नव्या घराचा उंबरा सुतकात कसा ओलांडायचा? आन् कुंकू लावून, साडी नेसून, स्टेजवर..."

त्यांच्यात नवरा गेला की बांगड्या आणि कुंकू दहाव्या दिवशी उतरवतात, हे मला आदल्या दिवशी लक्ष्मीपतीनंच बोलता बोलता सांगितलं होतं.

"तुमचा दहावा कधी आहे?" मी विचारलं.

"पुढच्या बुधवारी."

"म्हणजे शनिवारी तुम्ही अजून सवाष्णच आहात," मी म्हणाले. "हातात बांगड्या आहेत. कपाळावर कुंकू आहे. यात खोटं काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. मी शिकलेली, कंपनीतली, नियम माहीत असलेली बाई होते, आणि त्या माझ्या बोलण्याचा खरोखर विचार करत होत्या. हातातल्या बांगड्या त्यांनी एकदा मनगटावर वर सारल्या.

"पोरीचं काय?" त्या म्हणाल्या.

"तिनंही यायचं. फिल्ममध्ये आहे ती."

श्रावणी दारातून म्हणाली, "मी नाही येणार."

आई तिला तेलुगूत काही तरी बोलली. फार नाही, एखादं वाक्य. मुलीनं मान खाली घातली.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, बापानं आठ वर्षं वाट बघितली ह्या घराची," राजमणीबाई म्हणाल्या. "येईल ती."

शुक्रवारी दुपारी रंगीत तालीम घेतली. मंडप रिकामा, पंखे बंद, वरून पत्रा तापलेला. स्टेजवर चावी घेणाऱ्या बाकीच्या चार कुटुंबांना घरी पाठवून मी या तिघांना थांबवलं. कंपनीकडून राजमणीबाईंसाठी हिरवी साडी आणली होती. फिल्म मी आदल्या दिवशी बसून पुन्हा कापली होती. मल्लेशमचा चेहरा काढला, आवाज ठेवला. चेहऱ्याच्या जागी मागाचे धोटे, सुतावरून फिरणारे हात, टॉवेलांचे ढीग. हात कोणाचेही असू शकतात.

"डोळे खाली नको," मी राजमणीबाईंना सांगितलं. "समोर बघायचं, तिथं, त्या कॅमेऱ्याकडे. आणि जरा हसायचं."

त्या हसल्या. ते हसणं बरं नव्हतं.

"तोंड बंद ठेवून हसा. हां, तसं चालेल. लक्ष्मीपती, तुम्ही जवळ सरका."

तो दीड हातावर उभा होता. पाव पाऊल सरकला.

"अजून."

"मॅडम, मी कधी वहिनीच्या पुढ्यात बसलो बी नाही."

"उद्या ती तुमची वहिनी नाही," मी म्हणाले. "उद्या अकरा ते साडेबारा ती तुमची बायको आहे. लोक बघतायत, मंत्री बघतोय. परके उभे राहिलात तर शंका येईल, आणि मग घर गेलं म्हणून समजा."

तो सरकला. दोघांचे दंड एकमेकांना लागले तेव्हा राजमणीबाईंनी पदर ओढून मध्ये घेतला. मी तो सारखा करून परत मागे टाकला. साडीचा काठ दिसायला हवा होता.

शनिवारी सगळं वेळेवर झालं. हेलिकॉप्टर अकराला पाच कमी असताना उतरलं. हलगी, तुताऱ्या, चाळीस फुटांची रांगोळी, पाच हजार लोक. उन्हात बायका तासभर आधीपासून बसल्या होत्या आणि तरी टाळ्या वाजवत होत्या, कारण त्यांना खरंच घरं मिळणार होती. मी स्टेजच्या कडेला कानात वॉकीटॉकीचं यंत्र घालून उभी होते. मला त्या दिवशी फार आनंद झाला होता, हे सांगायला हवं. मी इतकं मोठं काही पहिल्यांदाच उभं केलं होतं, आणि ते घड्याळासारखं चाललं होतं.

फिल्म सुरू झाली. मोठ्या पडद्यावर माग धडधडायला लागला आणि मंडपभर मल्लेशमचा आवाज आला. "पावसात छत गळतं तेव्हा आमची ही रात्री उठून विड्यांची पानं उशाखाली घेते. स्वतः भिजते. नव्या घरात ती झोपंल, आन् मी जागा राहून बघंन."

ही ओळ मला आवडली होती, म्हणून मी ठेवली होती. राजमणीबाई पहिल्या रांगेत दिराच्या शेजारी बसल्या होत्या. मी शिकवलं होतं तसं त्या समोर बघत होत्या. पदर त्यांनी मुठीत धरला होता, पण तो दिसण्यासारखा नव्हता.

मग नाव पुकारलं. "पहिल्या चावीचे मानकरी, श्री. मल्लेशम आणि सौ. राजमणी वडनाल!"

तिघं स्टेजवर आली. मंत्र्यानं सोनेरी रंगाची हातभर चावी दोघांच्या हातात दिली. आयत्या वेळी कोणी तरी ताब्याची नोंदवही पुढे केली. मी लक्ष्मीपतीला सांगून ठेवलं होतं की सही केल्यासारखं करा, पेन टेकवू नका. पण फोटोवाले अगदी अंगावर वाकले होते. तो घाबरला आणि त्यानं भावाचं पूर्ण नाव लिहिलं, पहिलीतल्या पोरासारखं, एकेक अक्षर.

इथं मंत्र्यानं खाली जायचं होतं. पण तो खुशीत आला होता. त्यानं ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि श्रावणीच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय नाव बाळ तुझं?"

"श्रावणी मल्लेशम वडनाल."

"वा! आज तुझे बाबा किती खूश आहेत बघ. काय म्हणतात बाबा? सांग सगळ्यांना."

हे माझ्या कागदावर नव्हतं. मी दोन पावलं पुढे गेले, पण करण्यासारखं काही नव्हतं. श्रावणीनं काकाकडे बघितलं. काकानं जमिनीकडे. तिनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. कशासाठी हलवली ते मलाही माहीत नाही. बोल म्हणून, की नको म्हणून.

"बाबा बोलत नाहीत," ती म्हणाली.

मंत्री जोरात हसला. "आनंदानं बोलतीच बंद झाली बाबांची! ऐकलंत? यालाच म्हणतात हक्काचं घर!"

मंडप टाळ्यांनी दणाणला. मीही टाळ्या वाजवल्या.

नंतर नव्या घरात दूध उतू घालायचं होतं. नवी शेगडी, नवं पातेलं. उंबरा ओलांडताना राजमणीबाई थबकल्या. मागून गर्दीचा रेटा आला आणि त्या आत गेल्या. दूध वर आलं, उतू गेलं, सगळे ओरडले. एक छायाचित्रकार म्हणाला, "बाई, मध्येच वाफ आली, नीट नाही मिळालं. परत एकदा घ्या ना." मी दुसरी पिशवी फोडून पातेल्यात ओतली. त्यांनी परत दूध उतू घातलं.

सगळे निघून गेल्यावर त्या ओटा पुसत होत्या. मला म्हणाल्या, "झालं ना मॅडम? आता कोणी काढणार नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. "कागदपत्रं पुरी झाली की महिना-दीड महिन्यात खरी किल्ली मिळेल. ती मोठी चावी तेवढी परत द्या, उरलेल्यांबरोबर फोटोला लागेल."

संध्याकाळी पानसे सरांचा फोन आला. पुण्याच्या मुख्य कार्यालयातून त्यांना फोन आला होता. इतका छान कार्यक्रम कोणी केला म्हणून माझं नाव विचारलं होतं.

खऱ्या किल्ल्या लांबल्या, आणि त्या मिळायच्या आतच, अडीच महिन्यांनी, तक्रार झाली. प्रतीक्षायादीत पहिला नंबर असलेल्या एकानं गृहनिर्माण कार्यालयाला दोन चित्रफिती दिल्या. एक सोमवारच्या अंत्ययात्रेची, एक शनिवारच्या स्टेजची. कार्यालयानं राजमणीबाईंना नोटीस काढली. मृत व्यक्तीच्या जागी तोतया उभा करून ताबा नोंदवहीत खोटी सही केल्याबद्दल. कंपनीला साक्षीला बोलावलं.

पानसे सरांनी मला केबिनमध्ये घेतलं. "तुला काय माहीत होतं?"

"काही नाही, सर."

"बरोबर."

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी राजमणीबाईंना फोन केला. सांगितलं की माझं नाव घेऊ नका. माझं नाव आलं तर मी कंपनीतून बाहेर फेकली जाईन, मग तुमच्यासाठी कोण धडपडणार? तुम्ही म्हणा, घर जाईल या भीतीनं आम्हीच केलं, चूक झाली. अधिकाऱ्याला दया येईल. आतून मी बघते.

"बरं मॅडम," त्या म्हणाल्या. "तुम्ही आहात तर काय भ्या नाही."

सुनावणी एका जुन्या सरकारी इमारतीत पहिल्या मजल्यावर झाली. टेबलापलीकडे निवृत्तीला आलेले एक अधिकारी, चष्मा कपाळावर. अलीकडे एका बाजूला मी आणि आमचे वकील, दुसऱ्या बाजूला राजमणीबाई, लक्ष्मीपती, श्रावणी. बाईंचं कपाळ मोकळं होतं आणि मनगटंही. मी त्यांना तसं पहिल्यांदा बघत होते.

"हा माणूस तुमचा दीर ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो साहेब."

"याला नवरा म्हणून उभं करा, असं कोणी सांगितलं?"

"कोणी नाही साहेब. आम्हीच केलं. घर जाईल म्हणून भ्यालो. चूक झाली."

"कंपनीच्या कोणाला माहीत होतं?"

"नाही साहेब."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग लेखणी खाली ठेवून, खरंच हळहळल्यासारखे, ते म्हणाले, "अहो बाई, पण घर जाणार होतं कशाला? अर्जावर दोघांची नावं आहेत. सहअर्जदार म्हणून तुमची सही आहे. नवरा गेला तर घर तुमच्याच नावावर होतं. मृत्यूचा दाखला जोडला असता की पंधरा दिवसांत काम झालं असतं. हे सोंग करायची काय गरज होती?"

राजमणीबाईंना सगळं एकदम कळलं नाही. श्रावणीनं त्यांना तेलुगूत हळू आवाजात सांगितलं. सांगता सांगता तिचाच आवाज बसत गेला. मग दोघींनी माझ्याकडे बघितलं.

त्या मंगळवारी संध्याकाळी मी फाइलमध्ये तीच सही पाहिली होती. खटावकरांनी मला हेच शब्द सांगितले होते. मृत्यूचा दाखला, पंधरा दिवस. त्यांनी वर असंही म्हटलं होतं की बाईंना पाठवून द्या माझ्याकडे, मीच अर्ज लिहून देतो.

"साहेब," राजमणीबाई म्हणाल्या, "ह्या मॅडमनी सांगितलं. घर रद्द होतं म्हणून. घरी येऊन सांगितलं."

"आत्ता तर म्हणालात कोणी सांगितलं नाही?"

"तेबी त्यांनीच सांगितलं. काल. फोनवर."

आमचे वकील किंचित हसले. अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बाई, पाच मिनिटांत दोन जबाब? कोणता खरा धरू मी?" मग माझ्याकडे वळले. "काय हो, तुम्ही यांच्या घरी गेला होतात?"

"फिल्मच्या वेळी गेले होते सर. मल्लेशम गेल्याचं मला नोटीस आल्यावरच कळलं."

लक्ष्मीपती उभा राहिला, खुर्ची मागे पडली. "खोटं! मंडपात आलो होतो मी! खुर्ची दिली मला ह्यांनी!" शिपायानं त्याला खांदा धरून खाली बसवलं. ज्या माणसानं पाच हजार लोकांसमोर भावाचं नाव लिहिलं, त्याच्या ओरडण्याला कोण विचारतो.

राजमणीबाई ओरडल्या नाहीत. टेबलावरून माझ्याकडे वाकून त्यांनी विचारलं, "मॅडम, आमच्यावर कशाचा राग होता तुमचा?"

"त्यांच्याशी बोलू नका," अधिकारी म्हणाले. "जे बोलायचं ते माझ्याशी बोला."

त्यामुळे मला उत्तर द्यावं लागलं नाही. राग नव्हता. मला ती माणसं आवडली होती. फक्त दुसरं जोडपं शोधून, मंत्र्यांच्या सहायकाला फोन करून, ऐकून घेऊन, पुन्हा सगळं उभं करायचा मला कंटाळा आला होता. त्याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

घर रद्द झालं. प्रतीक्षायादीतल्या पहिल्याला गेलं आणि त्याला किल्ली देतानाचा छोटा कार्यक्रमही मीच केला. लक्ष्मीपतीवर खटला उभा राहिला, तो तीन वर्षं तारखांना जात होता. राजमणीबाई त्याच वस्तीत दुसऱ्या, अजून लहान खोलीत गेल्या, एवढं मला कळलं होतं. माझी पुण्याला बदली झाली, बढतीवर. त्यानंतर मी अशी अकरा उद्घाटनं केली.

सुनावणीच्या दिवशी मात्र मला लगेच निघता आलं नाही. वकील सह्यांसाठी आत थांबले होते. मी व्हरांड्यात कठड्यापाशी उभी होते. वडनाल मंडळी जिना उतरून खाली गेली, ते मी कानांनी ऐकलं, वळून बघितलं नाही. मग पावलं परत वर आली. एकाच माणसाची, हलकी.

श्रावणी समोर येऊन उभी राहिली. ती शिव्या देईल असं मला वाटलं, आणि त्या ऐकून घ्यायची तयारी मी केली.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी स्टेजवर त्यांनी मला माइक दिला. तेव्हा मी खरं सांगितलं असतं, की बाबा गेले, हा काका आहे, तर आम्हाला घर मिळालं असतं का?"

चौदा वर्षं मी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरं तयार केली आहेत. त्यातली बरीच चांगली आहेत. त्या वेळी मी सकाळपासून खोटं बोलून थकले होते, आणि पोरीनं सरळ विचारलं होतं.

"हो," मी म्हणाले. "मिळालं असतं."

तिनं मान हलवली. पेपर सोडवून आल्यावर कुठलं उत्तर चुकलं ते कोणी सांगावं, तशी. थोडा वेळ ती कठड्याच्या लोखंडावर बोट फिरवत राहिली.

"आईला सांगू नका हं," ती म्हणाली, आणि पळत जिना उतरून खाली गेली.